शीड पालटताना

आमच्या होडीच्या पुढच्या डेकवर, डोलकाठीच्या जरा अलीकडे, ॲल्युमिनियमची एक आडवी पट्टी बसवलेली आहे. अंगठ्याएवढी रुंद, साधारण 70 सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकं नाळेकडे किंचित वळलेली. दुरून पाहिली तर हसऱ्या ओठांसारखी दिसते. तिच्यावर काडेपेटीपेक्षा लहान अशी एक गाडी पळते, आणि त्या गाडीतून वर गेलेल्या दोराला जिबचं, म्हणजे पुढच्या लहान तिकोनी शिडाचं, मागचं टोक बांधलेलं असतं. होडीने वाऱ्याच्या तोंडातून नाळ फिरवली की जिब आपणहून कूस बदलते आणि गाडी तिच्या ओढीने खळ्‌कन पलीकडच्या टोकाला जाऊन थांबते. कुणाला काही सोडावं लागत नाही, ओढावं लागत नाही. सेल्फ-टॅकिंग जिब म्हणतात तिला. आमच्यात नुसतं सेल्फ-टॅकर. ही पट्टी मी 2016 च्या पावसाळ्यात माझ्या हातांनी बसवली. तो खळ्‌कन आवाज आता इतका सवयीचा झालाय, की शीड पालटायला किती माणसं, किती हात आणि किती जीव लागायचा, हे मला मुद्दाम आठवावं लागतं.

आठवायला बसलं की पहिले दिसतात ते आजोबा.

देवगडच्या एका मचव्यावर, शिडाच्या मालवाहू होडीवर, ते तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी, होते. जळाऊ लाकूड, सुंभ, हंगामात आंब्याच्या पेट्या मुंबईला न्यायच्या आणि परतताना मीठ-धान्य आणायचं, असा त्यांचा व्यवहार. 1965 सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी आठ वर्षांचा. खाडीतून बाहेर पडून संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं, म्हणून मला बरोबर घेतलं. पुढे झुकलेली ती डोलकाठी, तिच्यावर तिरकं चढवलेलं लांबलचक परबाण आणि परबाणाला बांधलेलं, खाऱ्या पाण्याने कडक झालेलं शीड. मचवा जोवर एका कुशीवर चालला होता तोवर सगळं शांत होतं. मग दिशा बदलायची वेळ आली आणि आजोबा माझ्याकडे न बघताच ओरडले, “झिला, मदी उभो रवू नको!”

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. परबाणाच्या शिडाला अशी सहज कूस बदलता येत नाही, कारण मध्ये डोलकाठी आडवी येते. मचव्याने वाऱ्याकडे पाठ केली, शिडाच्या मागच्या टोकाचा दोर सुटला आणि ते प्रचंड कापड पुढे, पाण्यावर, मोकळं फडफडायला लागलं. दोघांनी परबाणाचं खालचं टोक डोलाच्या बुंध्याशी ओढून आणलं. आडवं परबाण उभं राहिलं. मग एक खलाशी शिडाचा तो सुटा दोर घेऊन नाळेवरून, डोलकाठीच्या पुढून, अनवाणी पळत दुसऱ्या कुशीला गेला, आणि बाकीचे त्याच्यामागून दोराला लोंबकळले. शीड पलीकडे भरलं तेव्हा मचवा असा काही कलला की मी बसल्या जागी घसरलो. पाच माणसं धापा टाकत होती. पळत गेलेल्या खलाशाच्या तळहातावर दोराने काढलेला लाल पट्टा होता आणि तो त्यावर खारं पाणी ओतत होता. आजोबा सुकाणूवरून हलले नव्हते. त्यांनी त्याच्याकडे पाहून फक्त मान हलवली. ती शाबासकी होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

कॉलेजात मी एनसीसीच्या नौदल विभागात गेलो तो गणवेशासाठी. तिथे 1975 मध्ये पहिल्यांदा एंटरप्राइझ होडीत बसलो. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकाने 1956 मध्ये बेतलेली ही 4.04 मीटर लांबीची होडी. प्लायवूडच्या फळ्यांतून कुणालाही घरच्या पडवीत बांधता यावी, हा त्यातला मूळ विचार. शिडं निळी. तिची जाहिरात व्हावी म्हणून पहिल्याच वर्षी अशा दोन होड्या रातोरात इंग्लिश खाडी पार करून गेल्या होत्या. आपल्याकडे सैन्यदलांनी आणि एनसीसीने ती होडी आपली मानली, आणि आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे हात तिच्यावरच बसले.

होडीत माणसं दोन. मागे टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, आणि मोठ्या शिडाचा दोर धरणारा हेल्म, पुढे जिब सांभाळणारा क्रू. मी अंगाने हलका आणि चपळ, म्हणून क्रू. पहिला महिना शब्दांच्या घोटाळ्यातच गेला. दर्यावर्दी इंग्रजीत ‘शीट’ म्हणजे दोर, कापड नव्हे. प्रशिक्षक ओरडायचे, “शीट ओढ!” आणि माझ्या मराठी कानाला ऐकू यायचं ‘शीड’. मी शिडालाच हात घालायचो. एकदा अर्थ बसला तो असा, की आजही कुणी ‘बेडशीट’ म्हटलं तरी माझी बोटं आपोआप मिटतात.

जिबला दोन शीट असतात, डावी आणि उजवी. टॅक घेताना, म्हणजे नाळ वाऱ्याच्या तोंडातून फिरवून कूस बदलताना, क्रूने करायचं काम सांगायला एका ओळीचं आहे: ही सोडायची, ती ओढायची. पण त्या एका ओळीत मी सहा वर्षं काढली. हेल्म म्हणतो “रेडी अबाउट”. आपण जुनी शीट क्लीटमधून, दोर अडकवायच्या खाचेतून, उचकून हातात घेतो, मात्र सोडत नाही. नाळ वाऱ्याकडे वळते. जिबची पुढची कड थरथरते. तरी सोडायची नाही. वारा उलट बाजूने जिबच्या पोटात शिरून तिला क्षणभर मागे दाबतो, त्या धक्क्याने नाळ पुढे ढकलली जाते, आणि तो धक्का पुरा वसूल झाला की मगच सोडायची. मग बूमखालून, मोठ्या शिडाच्या आडव्या दांड्याखालून, वाकून पलीकडे, पाय पट्ट्यात अडकवत, दुसरी शीट हाताला लागलेली असतेच, आणि जिब पूर्ण भरायच्या आत ती घट्ट करायची, कारण भरल्यावर ती माणसाला जुमानत नाही. अर्ध्या सेकंदाने लवकर सोडली तर होडी वाऱ्यात अडकते. अर्ध्या सेकंदाने उशिरा सोडली तर ती कलंडायला बघते. आणि शर्यतीत अशा टॅक वीस-पंचवीस.

चांगला क्रू दिसत नाही. लोक तीरावरून बघतात ते हेल्मला. 1982 च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी एका लाँचवरून दुर्बिणीने पाहत होतो. माझी दुर्बीण करंजियांवर होती. फायरबॉलमध्ये क्रू ट्रॅपीझच्या तारेला लटकून, फक्त पावलं होडीच्या कडेला टेकवून पाण्यावर उभा असतो. टॅकला त्याने आत यायचं, तारेचा आकडा सोडायचा, जिब पालटायची, दुसऱ्या बाजूला आकडा अडकवायचा आणि पुन्हा बाहेर झेपावायचं. सुवर्णपदक म्हटलं की मला तेच दिसतं.

1984 मध्ये माझं लग्न झालं. ही नाशिकची. गोदावरीच्या घाटावर पाय बुडवण्यापलीकडे पाण्याशी संबंध नव्हता. तोवर मी हेल्म झालो होतो आणि माझा क्रू नोकरीसाठी आखातात निघून गेला होता. “मी बसून बघू का?” असं हिने विचारलं, ते 1986 च्या ऑक्टोबरात. पाऊस संपल्यावरचा तो काळ: सकाळी जमिनीवरून येणारा मतलई, दुपारी फिरून वायव्येचा खारा वारा, पाणी अजून गढूळ. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात जिब होती. दुसऱ्या वर्षी मी टॅक सांगायचं सोडून दिलं, कारण माझा टिलर हलायच्या आत तिच्या हातातली शीट क्लीटमधून सुटलेली असायची. कशावरून कळायचं तिला? मी विचारलं तर म्हणाली, “तुम्ही टॅक घ्यायच्या आधी श्वास धरता.”

1991 मध्ये एका क्लबने मोडीत काढलेली जुनी एंटरप्राइझ आम्ही विकत घेतली. तळाचं प्लाय कुजलं होतं. ते दोघांनी मिळून बदललं, आणि तिच्यावर आम्ही एकवीस-बावीस हंगाम काढले. मुंबई बंदरातले मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दक्षिणेकडे खेचणारं पाणी, उधाणाच्या दिवसांत बोयांना येणारा कल, हे सगळं आम्ही एकत्र शिकलो. संसारात आमचं एकमेकांशी जेवढं बोलणं झालं असेल, त्याच्यापेक्षा त्या शीटमधून जास्त झालं असं मला वाटतं. ती रागावली असेल तर जिब अर्धा इंच जास्त घट्ट असायची. मला कळायचं. होडीलाही कळायचं, ती नाळ उचलायची नाही.

2011 च्या सुमाराला तिची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. आधी डाव्या हाताची दोन, मग दोन्ही हात. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, सांध्यांचं अस्तरच सुजवणारा. औषधांनी पुष्कळ आटोक्यात आला, पण मूठ पूर्ण मिटेना. आणि शीट म्हणजे मुठीचंच काम. 2013 च्या फेब्रुवारीत एका शर्यतीत, चांगल्या वाऱ्यात, जिबची शीट तिच्या हातातून निसटली. शीड फडफडत राहिलं, चाबकासारखी शीट डेकवर आपटत राहिली, आणि ती आपल्या हाताकडे बघत बसली. मी दोर पकडला. शर्यत आम्ही पूर्ण केली. त्यानंतर ती तीन हंगाम किनाऱ्यावर थांबली. मी वेगवेगळे क्रू घेतले, तरुण, जोरकस. होडी पळायची. पण श्वास धरला की कुणाला कळत नसे.

सेल्फ-टॅकर मला माहीत होता तो फॉर्टीनाइनरमुळे. ज्युलियन बेथवेटने बेतलेली ही होडी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरली. तिच्यात जिब स्वतः पालटते, कारण दोघेही तारांवर बाहेर लटकलेले असतात आणि टॅकच्या वेळी धावत कूस बदलण्यातच त्यांचा सगळा जीव लागतो. आमच्या म्हाताऱ्या एंटरप्राइझला हे कशाला? वर्गाच्या शर्यतींत तर मग उतरताच येणार नव्हतं, जिबची मापं नियमाने ठरलेली. पण वेगवेगळ्या होड्यांना अंक देऊन, लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या अंकाने भागायचं, अशा हँडिकॅप शर्यती असतात. तिथे चालणार होतं. आणि खरं सांगायचं तर शर्यतीचा विचार मी नंतर केला. मला ती होडीत हवी होती.

तिला मी काही बोललो नाही. ती चूक होती, ते पुढे येईलच.

आधी शिडाचं. एंटरप्राइझची जिब डोलकाठीच्या मागे येते. डोलकाठीपुढच्या पट्टीवर ती पालटायची तर तिचं मागचं टोक डोलकाठीच्या पुढेच संपायला हवं. म्हणजे कापायला हवी. शिडं शिवणाऱ्या कारागिराने टेबलावर ती निळी जिब पसरली, खडूची रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. तळाला सुमारे 30 सेंटिमीटर, वर निमुळती होत जाणारी पट्टी. कात्री चालताना डेक्रॉनचा जो करकरीत आवाज होतो तो मला सोसेना, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कापलेली पट्टी मात्र घडी करून घरी आणली. टाकवली नाही.

मग पट्टी आणि गाडी. गाडीत प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचे बेअरिंग असतात. शिडाच्या होड्यांच्या कप्प्यांत स्टीलऐवजी प्लास्टिकच्या गोळ्या घालण्याची युक्ती हार्केन बंधूंनी 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रूढ केली. त्या हलक्या असतात, गंजत नाहीत आणि बारीकशा झुळकीलाही फिरतात. परदेशातून भाच्याने गाडी आणि सरळ पट्टी आणून दिली. पट्टी वाकवायला हवी हे मी ऐकलं होतं, पण का, ते समजून घेतलं नव्हतं. सरळच बसवली.

आणि ती चालेना. चिखलाच्या पाण्यावर, सप्टेंबरातल्या हलक्या वाऱ्यात करून पाहिलं: टॅक घेतली की गाडी मधोमध येऊन बसायची. हाताने ढकलली तर पुन्हा मध्ये. मला वाटलं गाडीतच दोष आहे. खोलून धुतली, गोळ्या मोजल्या, तेल घातलं. दोन आठवडे मी त्या गाडीला दोष देत होतो.

उत्तर सातवीच्या भूमितीत होतं. शीट कॉकपिटमधून डेकखालून पुढे जाते, जिबच्या नाळेकडच्या कोपऱ्याशी असलेल्या कप्पीतून वळते, मागे गाडीकडे येते आणि गाडीतून वर जिबच्या टोकाला. कप्पीपासून पट्टीच्या मध्यापर्यंत अंतर 120 सेंटिमीटर. मध्यापासून पट्टीचं टोक 35. मग कप्पीपासून टोकापर्यंत? 120 चा वर्ग 14,400, 35 चा 1,225, बेरीज 15,625, आणि त्याचं वर्गमूळ नेमकं 125. पाच सेंटिमीटर जास्त. शीट क्लीटमध्ये घट्ट बसलेली, तिला पाच सेंटिमीटर आणायचे कुठून? म्हणून गाडी जिथे अंतर सगळ्यांत कमी तिथे, मधोमध, परत यायची. दोर तिला नाळेकडे ओढत होता आणि सरळ पट्टीवर त्या ओढीतला थोडा हिस्सा आडवा, मध्याकडे, जात होता. गाडी बरोबर वागत होती. पट्टी चुकीची होती.

रात्री अकरा वाजता मी शेडमध्ये गेलो, कप्पीच्या जागी खिळा ठोकला, त्याला 120 सेंटिमीटरची सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि डेकवर एक चाप काढला. त्या चापावर कुठेही गाडी ठेवा, खिळ्यापासून अंतर तेच. दोराला कळणारच नाही की शीड पालटलं. ती रेघ काढून झाल्यावर मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा होतो. पाच माणसं धापा टाकत जे करायची, आम्ही तळहात सोलून जे करायचो, ते सगळं त्या एका खिळ्या-सुतळीत होतं.

मुंबईतल्या दारूखान्याच्या एका फॅब्रिकेटरकडे तीन रोलरच्या मशीनमधून पट्टी त्या रेघेबरहुकूम वाकवून घेतली. एकदम वाकवायला गेलं तर ॲल्युमिनियमला सुरकुती पडते आणि गाडी अडते. त्याने चौदा वेळा थोडी थोडी काढली, दर वेळी माझ्या पुठ्ठ्याच्या साच्यावर ठेवून पाहत. डेकच्या खाली प्लायचं जाड पॅड इपॉक्सीने चिकटवलं, कारण जिबची ओढ वरच्या दिशेने असते आणि नुसत्या डेकवरचे स्क्रू एका जोरदार झोताने उपटून येतील. आरपार बोल्ट घातले. बोल्ट स्टेनलेसचे, पट्टी ॲल्युमिनियमची, खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं, म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या. पट्टीवर दोन्हीकडे सरकवता येणारे थांबे, गाडी किती बाहेर जाऊ द्यायची ते ठरवायला. जिबच्या टोकाला पाच छिद्रांची पातळ ॲल्युमिनियमची फळी. दोर कोणत्या छिद्रात अडकवला यावर शिडाची मागची कड घट्ट राहते की मोकळी, हे ठरतं. या पाच छिद्रांवर मी अख्खा नोव्हेंबर घालवला आणि तो महिना मला पुरला नाही.

पहिल्यांदा हिला घेऊन गेलो ती डिसेंबरातली एक दुपार. मी काही सांगितलं नाही, फक्त टॅक घेतली. खळ्‌कन. जिब पलीकडे भरली. सवयीने तिचे हात पुढे आले होते. धरायला काहीच नव्हतं. हात तसेच हवेत राहिले, मग तिने ते मांडीवर ठेवले. मी आनंदात होतो. पुन्हा टॅक घेतली, पुन्हा. सात-आठ टॅकनंतर ती म्हणाली, “माझं काम त्या पट्टीला दिलंत. मग मी कशाला?”

मला उत्तर देता आलं नाही. वजन म्हणून, असं म्हणणार होतो, नशिबाने तोंडातून निघालं नाही. ती यायची राहिली नाही, पण होडीत बसून ती लांब बघत राहायची, आणि मी मागे टिलर आणि मोठं शीड दोन्ही एकटा सांभाळायचो. होडी सुरळीत चालायची. ती शांतता मला नकोशी होती. दोन हंगाम तसे गेले.

2018 च्या ऑगस्टमध्ये वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगार यांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत फॉर्टीनाइनर एफएक्स वर्गात रौप्य मिळवलं. त्या वर्गाच्या शर्यतींची चित्रफीत आम्ही घरी बघत होतो. पाऊस पडत होता, होडी शेडमध्ये उलटी. ही एकदम म्हणाली, “थांबवा. मोठ्या शिडाचा दोर कुणाच्या हातात आहे?”

मी पाहिलं. क्रूच्या हातात. मला ते माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. जिब स्वतः पालटते, म्हणून क्रूचा हात मोकळा, म्हणून वाऱ्यावर चढताना मोठं शीड क्रू सांभाळतो आणि हेल्म फक्त होडी चालवतो. सेल्फ-टॅकरने तिथे कुणाचं काम काढून घेतलं नव्हतं, कामांची जागाच बदलली होती.

“म्हणजे,” ती म्हणाली, “टिलरला मूठ लागत नाही.”

टिलरला मूठ लागत नाही. चांगल्या तोललेल्या होडीत तर दोन बोटं पुरतात. पण टिलरचा पुढचा दांडा, एक्स्टेंशन, बोटाएवढा बारीक असतो, आणि न मिटणाऱ्या हाताला बारीक वस्तू धरणं फार अवघड. जाड असेल तर तळहात आणि अंगठा यांच्यात नुसती ठेवता येते. मी कपाटातून ती निळी पट्टी काढली, जिबची कापलेली. दांड्याभोवती घट्ट गुंडाळत गेलो. तिच्या हातात देऊन बघायचं, आणखी दोन वेढे, पुन्हा बघायचं. अकराव्या वेढ्याला ती म्हणाली, “बस.” वर सुतळी आवळून बांधली.

त्या ऑक्टोबरात, बत्तीस वर्षांनी, मी पुढे जाऊन बसलो आणि ती मागे. पहिल्या दिवशी माझी मान सारखी वळायची. ती म्हणाली, “पुढे बघा.” बरोबर होतं. हेल्मला क्रूची पाठच दिसायला हवी. आणि मला एक गोष्ट तेव्हा कळली: ती दोन हंगाम जी लांब बघत बसायची, ती उगाच नव्हती. पाण्यावर वाऱ्याची काळसर सावली कुठून सरकत येते, कोणत्या बोयाजवळ पाणी आधी फिरतं, मासेमारीच्या होड्यांची तोंडं कुठे वळली आहेत, हे सगळं तिने जमा करून ठेवलं होतं. मी इतकी वर्षं शिडाकडे बघून होडी चालवत आलो होतो. ती पाण्याकडे बघून चालवते.

सेल्फ-टॅकरचे दोष मी झाकत नाही. वारा मागून असला की गाडी पट्टीच्या टोकाशी अडते आणि जिब वरून पिळवटते, तिथे दोन शीटची जुनी जिबच बरी. शिडाचं क्षेत्र कमी झालं, हलक्या वाऱ्यात ते जाणवतं. आणि टॅक फसली, होडी वाऱ्याच्या तोंडात अडकली, तर गाडी मधोमध येऊन बसते. जुन्या पद्धतीत क्रू जिबची शीट उलट बाजूला धरून ठेवायचा, वारा तिच्या पोटात शिरून नाळ बाजूला ढकलायचा. इथे ती शीटच नाही.

मागच्या जानेवारीत मिडल ग्राउंडच्या अलीकडे नेमकं तेच झालं. भांगाचे, कमी भरती-ओहोटीचे, दिवस, वारा पडत चाललेला, सुकतीचं पाणी आम्हाला बोयाकडे नेत होतं. टॅक अर्ध्यात थांबली. होडी वाऱ्यात उभी, दोन्ही शिडं लुळी फडफडताहेत, आणि आम्ही हळूहळू मागे सरकतोय. बोया दहा-बारा हातांवर. मी मागे वळून बघितलं नाही.

“जिब डावीकडे धरा,” मागून आवाज आला.

मी डेकवर पालथा झालो, डोलकाठीला एक हात घातला, आणि दुसऱ्या हाताने जिबचं टोक, ती पाच छिद्रांची फळी, पकडून डावीकडे, जितकं जाईल तितकं बाहेर ढकलून धरलं. सदुसष्टाव्या वर्षी खांदा बोलतो. वारा आला, अगदी थोडा, तो जिबच्या पोटात शिरला आणि कापड माझ्या तळहातावर दाबलं गेलं. होडी मागे जात असताना सुकाणू उलटं काम करतं. तिने ते ओळखून टिलर उजवीकडे ढकललेला मला जाणवला, कारण नाळ उजवीकडे फिरायला लागली, बोया डाव्या हाताला सरकत गेला. मला सोडायची घाई झाली होती. जिबची पुढची कड थरथरत होती. मी सोडली नाही.

मग तिने श्वास सोडलेला ऐकू आला, आणि ती म्हणाली, “सोडा.”